दातांच्या दोन खाचा

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी नाशिक रोडच्या एका एसटीडी बूथवर संध्याकाळचा बसायला लागलो. घरी सांगितलं, पुस्तकांचा खर्च निघेल. खरं कारण क्लॅरिनेट होतं.

मला बासरी थोडीफार यायची. पण एका उन्हाळ्यात आमच्या कॉलनीतून वरात गेली आणि ट्रंपेट, ढोल, ताशा सगळे एकमेकांवर ओरडत असताना एक वाद्य त्या गोंगाटावरून सावकाश, वळणं घेत पुढे गेलं. मी गच्चीवरून धावत खाली आलो. काळी लाकडी नळी, तिच्यावर पांढऱ्या धातूच्या चाव्या, आणि ती तोंडाला लावून डोळे मिटून चालणारा एक माणूस. त्यानंतर मला बासरी गोड लागेना.

मेन रोडजवळच्या वाद्यांच्या दुकानात नव्या क्लॅरिनेटची किंमत विचारली. बूथवर वर्षभर बसलो असतो तरी तेवढे साठले नसते. दुकानदार हार्मोनियमच्या भात्याला चामडं चिकटवत होता. मान वर न करताच म्हणाला, "नवीन कशाला घेतोस? बँडवाल्यांकडे जुनी मिळते. भद्रकालीत बघ."

भद्रकालीच्या गल्ल्यांमध्ये बँडवाल्यांची छोटी छोटी ऑफिसं होती. दारात सोनेरी झालरीचे लाल कोट टांगलेले. पहिल्या दिवशी मी त्या गल्लीतून दोनदा नुसताच गेलो आणि परत आलो. आपल्या वर्गातलं कुणी पाहिलं तर काय वाटेल, हा विचार डोक्यात. त्या लोकांकडचं वाद्य मला हवं होतं, पण त्यांच्या दारात उभं राहिलेलं दिसायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी आत शिरलो. दोन ठिकाणी नाही म्हणाले. तिसऱ्या मालकाने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आमचा एक जुना मास्तर हाय दिंडोरीकडं. त्याच्याकडं दोन क्लॅरिनेट हायत, एक काढायची म्हणत होता. लग्नसराई नाय आता, घरीच सापडंल." त्याने बिलाच्या मागच्या बाजूला गावाचं नाव लिहून दिलं.

रविवारी सीबीएस स्टँडवरून एसटीने दिंडोरीला गेलो आणि पुढे द्राक्षबागांमधून तासभर चालत त्या गावात. मास्तर अंगणात बसून फवारणीचा पंप उघडत होते. वय पन्नाशीचं, काटक अंग. लग्नसराई संपली की ते बागांमध्ये फवारणीला आणि छाटणीला जात. मी आलोय कशासाठी ते कळल्यावर हात धुतले आणि मला घरात नेलं.

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिला ताज्या फुलांचा हार. ती पाहिली आणि माझ्या मनात काहीतरी आखडलं. आमच्या घरात जातीवरून कुणी मोठ्याने बोलत नसे. त्यामुळे मी समजून चाललो होतो की आमच्यात ते नाहीच.

मास्तरांच्या बायकोने विचारलं, "च्या ठिवू का?"

"नको," मी म्हणालो. "मी चहा घेत नाही."

मी दिवसातून चार कप चहा पीत असे.

मास्तरांनी पेटी उघडली. क्लॅरिनेटचे भाग जुन्या मखमलीत झोपवून ठेवलेले. सांध्यांवरचं बूच झिजलं होतं, तिथे मेण लावलेला दोरा गुंडाळला होता. एका चावीची स्प्रिंग तुटलेली, तिच्या जागी रबर बँड. ते सगळं त्यांनी काही न लपवता दाखवलं. मग जोडणी केली, फुंकायच्या टोकावर वेताची पातळ पत्ती ओली करून बसवली आणि वाजवलं. फार नाही, दोन-तीन मिनिटं. त्या लहानशा खोलीत तो आवाज माझ्या छातीत जाऊन बसला.

"घे," ते म्हणाले, "तू फुंक."

मी तोंडाला लावली. फुस्स अशी हवा निघून गेली. ते हसले, माझ्या हातातून घेऊन माउथपीसची, म्हणजे तोंडात धरायच्या टोकाची, वरची बाजू दाखवली. काळ्या रबरासारख्या त्या कठीण पदार्थावर दोन खाचा पडल्या होत्या. "वरचे दात इथं टेकव. मी पंधरा वर्सं टेकवलेत, जागा तयार हाय तुला."

मी दात टेकवले. ते बरोबर त्यांच्या दातांच्या खाचांत बसले, आणि या वेळी आवाज आला. बदकासारखा, पण आला. मास्तर खूश झाले. बायकोला हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का? पहिल्या दिवशी मला एवढाबी निघाला नव्हता."

माझ्याजवळचे पैसे त्यांनी सांगितलेल्या किमतीपेक्षा कमी भरले. त्यांनी घासाघीस केली नाही. "शिकणाऱ्या पोराकडून काय घ्यायचं लय," म्हणाले. वर एक डबीभर पत्त्या दिल्या. निघताना रस्त्यापर्यंत सोडायला आले. "रविवारचा येत जा. तुला बोटं दाखवतो. येशील ना?"

"येईन," मी म्हणालो. तेव्हा ते खरंच होतं.

एसटीत पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो. आनंद एवढा होता की बसवत नव्हतं. पण रासेगावच्या आसपास कुठेतरी जिभेला त्या खाचांचा स्पर्श आठवला. पंधरा वर्षं. दुसऱ्याच्या तोंडातलं. मी खिडकीतून थुंकलो. कुणाच्याही तोंडातलं असतं तरी असंच वाटलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. आज मला ते पटत नाही. कॉलेजच्या कँटीनमध्ये आम्ही मित्र एकाच बाटलीला तोंड लावून थंड प्यायचो. तेव्हा मी कधी थुंकलो नव्हतो.

घरी आई नव्हती, मावशीकडे गेली होती. बाबा प्रेसमध्ये सेकंड शिफ्टला. मी पातेल्यात पाणी ठेवलं. उकळी फुटल्यावर माउथपीस त्यात सोडला आणि वर झाकण ठेवलं. दहा मिनिटं.

झाकण काढलं तेव्हा गंधकासारखा जळका वास घरभर सुटला. चिमट्याने बाहेर काढला तर काळाभोर माउथपीस शेवाळासारखा हिरवट-तपकिरी झाला होता. थंड झाल्यावर पत्ती बसवायला गेलो तर ती टेकेना. जिथे सपाट हवं तिथे पोक आलं होतं. खाचा मात्र होत्या तशाच होत्या. फुंकलं. काहीच नाही. पुन्हा पुन्हा फुंकलं. नुसती हवा.

आई आल्यावर तिने पेटी पाहिली. कुणाची, कुठून, काही विचारलं नाही. "बाबा झोपलेले असताना वाजवू नकोस म्हणजे झालं," एवढंच म्हणाली आणि पातेल्याला कसला वास येतोय म्हणून ते चिंचेने घासायला घेतलं.

नव्या माउथपीससाठी मी त्या मेन रोडच्या दुकानात गेलो. त्यांच्याकडे नव्हता, मुंबईहून मागवावा लागेल म्हणाले, महिना लागेल. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी वाजवणार असं मित्रांना सांगून बसलो होतो. तीन आठवडे कसेबसे काढले आणि पुन्हा दिंडोरीची एसटी धरली.

छाटणीचे दिवस होते. मास्तर नुकतेच बागेतून आले होते, हाताला कात्रीचे घट्टे, कपड्यांना काड्यांचा चुरा. मला पाहून चेहरा उजळला. "आलास का! दोन रविवार वाट पाहिली तुझी. काय, निघतो का आवाज?"

मी माउथपीस त्यांच्या हातात दिला. "मास्तर, हा खराब झाला. उन्हात राहिला होता."

त्यांनी तो उजेडात धरला. सपाट बाजूवरून अंगठा फिरवला. मग नाकाजवळ नेऊन वास घेतला. मी जमिनीकडे पाहत होतो.

"उन्हात," ते शेवटी म्हणाले.

"हो."

त्यांची बायको आतून दारात आली. तिने पुन्हा चहाचं विचारलं, तर तेच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. सायेब च्या घेत नाहीत."

मी मान वर केली. आधीच्या वेळी त्यांनी मला साहेब म्हटलं नव्हतं.

ते आत जाऊन दुसरा माउथपीस घेऊन आले. स्वतःच्या क्लॅरिनेटचा जादाचा असावा. अंगणातल्या रांजणातलं पाणी तांब्यात घेतलं, साबणाची वडी आणली आणि माझ्यासमोर उकिडवे बसून तो धुवायला लागले. आतून, बाहेरून, पातळ फडकं बोटावर गुंडाळून कोपऱ्याकोपऱ्यातून. एकदा धुतला. पुन्हा साबण लावून दुसऱ्यांदा धुतला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. एखाद्या गिऱ्हाईकाला समजावून सांगावं तसा सूर होता. "असा धुवायचा. गार पाण्यानं. गरम पाण्यात टाकला का हे काळं इबोनाइट मरतंय. तुम्हाला सांगायचं राहून गेलं माझ्याकडून. चूक माझी."

तुम्हाला. पंधरा-वीस मिनिटांत मी 'तू'चा 'तुम्ही' झालो होतो.

"मास्तर, तुमची कसली चूक..." मी म्हणालो. खरं बोलायची ती जागा होती. मी खिशात हात घातला. "किती द्यायचे?"

त्यांनी रास्त किंमत सांगितली. या वेळी त्यांनी एक रुपया कमी केला नाही आणि मी दिलेल्या नोटेचे उरलेले पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले. रस्त्यापर्यंत आले नाहीत. रविवारचं काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

त्यानंतर मी तिकडे गेलो नाही. पुस्तकातली चित्रं पाहून बोटं बसवली. गॅदरिंगमध्ये एक चाल वाजवली, दोन ठिकाणी सूर फाटला, तरी टाळ्या पडल्या. कुणीतरी विचारलं, कुणाकडे शिकलास? मी म्हणालो, आपलं आपणच. पुढे नोकरी लागली, बदल्या झाल्या, पेटी माळ्यावर गेली. एकदा काढून पाहिली तेव्हा वरच्या लाकडाला उभी चीर गेली होती. लाकडाला तेल द्यावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणाऱ्याकडे मी गेलोच नव्हतो.

दहाएक वर्षांनी माझी बदली पुन्हा नाशिकला झाली. मी बँकेत होतो, लग्न झालं होतं. एका शनिवारी अर्ध्या दिवसानंतर मोटारसायकल काढली आणि कुणाला न सांगता त्या गावात गेलो. रस्ते रुंद झाले होते, बागांच्या मध्ये वाइनरीचे फलक लागले होते. मास्तरांचं घर तेच होतं, वर नवा स्लॅब टाकला होता. ते बाजेवर बसले होते. समोरचे दात पडलेले. दात नाहीत म्हणजे क्लॅरिनेट नाही, एवढं मलाही कळत होतं.

मी ओळख दिली. त्यांना आठवायला क्षणभर लागलं. मग म्हणाले, "नाशिक रोडचे. हां हां. वाजवता का अजून?"

"नाही."

"ऱ्हातंय नाय कुणाचं. आता बँडबी कुठं ऱ्हायले, समदीकडं डीजे."

मी वाटेत वाक्य तयार करून आलो होतो. ते तसंच बोललो. "मास्तर, तो पहिला माउथपीस उन्हात राहिला नव्हता. तो उकळला होता."

ते हसले. बोळक्या तोंडाचं, मोकळं हसू. "ठावं हाय मला. वास लपतो व्हय?" आणि मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून, मला सोपं जावं म्हणून, ते म्हणाले, "तुम्ही ल्हान होता. घरच्यांनी उकळला असंल. आईनं."

मी एवढ्या लांब फक्त एक गोष्ट सांगायला आलो होतो. ती सांगायला आता एक शब्द पुरला असता.

"हो," मी म्हणालो. "आईनं."

"आयांचं आसंच आसतंय," मास्तर म्हणाले. "जीवाला जपत्यात." त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

मग आम्ही या वर्षीच्या द्राक्षांबद्दल बोललो. त्यांची मुलगी नर्सिंग करून सातपूरला दवाखान्यात लागली होती, ते अभिमानाने सांगत होते. मी ऐकत होतो, पण माझ्या कानात माझाच 'हो' वाजत होता. एकदा वाटलं, आत्ता सांगावं, मीच तो. तोंड उघडलं, आणि विचारलं काय, तर मुलगी कुठल्या दवाखान्यात आहे.

अंधार पडायच्या आत परत आलो. आई ओट्याजवळ मेथी निवडत बसली होती. तिचे गुडघे दुखायला लागले होते त्या वर्षी.

"कुठे होतास एवढा वेळ?"

"बँकेचं काम होतं," मी म्हणालो आणि तिच्यासमोर बसून मेथीची एक जुडी माझ्याकडे ओढली. ती आनंदली. पानं खुडता खुडता मावशीच्या तब्येतीचं सांगत राहिली. मी मान हलवत होतो. तिच्या नावावर मी काय जमा करून आलोय हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

मास्तर त्यानंतर तीन वर्षांनी गेले. मला ते बँकेत आलेल्या त्यांच्या गावच्या एका खातेदाराकडून समजलं. तेव्हा मी काउंटरवर होतो आणि त्याच्या मागे रांग होती.