बाराव्या पानावरचा फुगा

मला राग लवकर येतो आणि आनंद त्याहून लवकर. बोरीच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागून बरीच वर्षं झाली, पण कोरा कागद समोर आला की अजूनही मला एका जागी बसवत नाही. त्या वर्षी तर विचारूच नका. मुक्तिदिनाला शाळा मुलांसाठी एक कॉमिक छापणार होती. निजामाच्या राज्यातून मराठवाडा कसा सुटला त्याची गोष्ट, आणि ती लिहिणारी मी, काढणारीही मीच. छपाईचं पक्कं होण्याआधीच माझं मुखपृष्ठ रंगवून तयार होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

हे सुचलं एका मुलीमुळे. सातवीच्या वर्गात तिनं मला विचारलं, "मॅडम, रझाकार म्हंजे डाकू असायचे का?" आता आमच्याकडे म्हातारी माणसं स्वतःचं वय सांगतानासुद्धा "रझाकारीतला जन्म" असं सांगतात. निजामाच्या बाजूनं हत्यारं घेऊन गावोगाव धुमाकूळ घालणारी ती माणसं या पोरीच्या पणजोबांनी डोळ्यांनी पाहिली असणार, आणि हिला ती डाकू वाटतात! पण तिचं तरी काय चुकलं? पुस्तकात या सगळ्याला चार ओळी. देशाचा इतिहास म्हणजे दिल्लीत घडतो तो, हेच मुलांच्या डोक्यात. मला चीड आली. म्हटलं, मीच काढते, आणि आमच्या गावापासूनच सुरुवात करते.

गाव म्हणजे माझं माहेर, बोरीहून तासाभराच्या वाटेवर. त्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढची गोष्ट त्या एकट्या गावाची नाही.

तीन महिने मी दुसरं काही केलं नाही. शाळेतून आले की टेबलावर कागद पसरायचा, शाईची बाटली उघडायची, की संपलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं भान नसायचं. घरच्यांनी करपलेलं वरण किती वेळा मुकाट्यानं खाल्लं ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण काय मजा यायची! पेटलेल्या कडब्याच्या गंज्या काढल्या, वऱ्हाडाच्या हद्दीकडे निघालेल्या बैलगाड्या काढल्या, गाडीत बसूनही जात्याचा खुंटा हातातून न सोडणारी एक म्हातारी काढली. अशी सोळा पानं झाली.

बारावं पान माझं सगळ्यांत लाडकं. भारताची फौज आली, निजाम शरण आला आणि आमच्या गावात झेंड्याची मिरवणूक निघाली. त्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे माझे आजोबा होते. ही गोष्ट वडिलांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकली होती की आजोबांच्या पायातल्या वहाणांचा आवाजही मला यायचा. वडिलांनी फडक्यात गुंडाळून ठेवलेला आजोबांचा एकुलता एक फोटो काढून दिला. त्यावरून मी अख्खं पानभर त्यांना काढलं, हातात झेंडा, मागे माणसांचा पूर. डोक्यावर भला मोठा फुगा. कॉमिकमध्ये बोलणं ज्यात लिहितात तो. त्यात एकच शब्द यायचा होता, "जय!"

फुग्यांतली अक्षरं मात्र चाचांची. त्यांचं बोरीच्या स्टँडजवळ पाट्या रंगवायचं दुकान. फ्लेक्स आल्यापासून पाट्या गेल्या, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं घालतात. मूळचे आमच्याच गावचे. मी लहान असताना ते आमच्या शाळेची भिंत रंगवायला आले होते, तेव्हा मी दिवसभर त्यांचा रंगाचा डबा धरून उभी होते. ब्रश कसा धरायचा ते मला त्यांनीच शिकवलं. जन्म रझाकारीतलाच. चहाची बशी धरली की हात असा थरथरतो की बशी वाजते, पण ब्रश टेकला की थरथर कुठच्या कुठे जाते. प्रेसवाला म्हणाला, "कॉम्प्युटरवर टाकू की." मी म्हटलं, मुलांना माणसाच्या हातचं अक्षर दिसू द्या.

आमची पद्धत साधी. मी रिकाम्या फुग्यांची पानं आणि मजकुराचा कागद द्यायचा, त्यांनी भरून ठेवायचं. वर फुकटची टीका असायचीच. पहिली पानं पाहून म्हणाले, "बेटा, तुजे समदे रझाकार एकाच आईचे दिसायलेत की! आन् त्या समद्यांच्या तोंडाला माझी दाढी!"

मी नीट पाहिलं, तर खरंच. आळस करून एकच चेहरा काढला होता आणि तोच सगळीकडे गिरवला होता. आम्ही दोघं पोट धरून हसलो. हसून झाल्यावर मला घरी जाऊन नऊ नवे चेहरे काढावे लागले. एक लुकडा, एक देवीच्या वणांचा, एकाला तर मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं. तो काढताना पहिल्यांदा वाटलं, याची आई कोण असेल?

छपाईला चार दिवस राहिले तेव्हा चाचांनी पानांचा गठ्ठा पाठवला. मी उभ्याउभ्याच चाळला. अक्षरं अशी की नुसतं बघत राहावं. आणि बारावं पान रिकामं! आजोबा झेंडा घेऊन उभे, वर पांढराशुभ्र फुगा. तळपायाची आग मस्तकाला गेली. तशीच गाडी काढली आणि दुकान गाठलं.

"चाचा, एक शब्द होता. एक! विसरलात का मुद्दाम ठेवलंत?"

ते ट्रॉलीवर नाव घालत होते. ब्रश डब्यात ठेवला, हात पुसले. म्हणाले, "मुद्दाम. ते मला लिवता येत न्हाई."

"का? चुकीचं लिहिलंय का मी?"

"चुकीचं न्हाई, बेटा. रझाकारांनी लय जुलूम केला, ते खरंच हाय. ती पानं म्या भरलीच की. पर हे अर्धं हाय."

आणि मग त्यांनी सांगितलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला अक्षरांची वळणं सांगितली, रंगात तेल किती ते सांगितलं, हे कधी सांगितलं नव्हतं. मिरवणूक निघाली त्या दिवशी ते आईच्या अंगावर पिणारं लेकरू होते. वडील गावचे शिंपी. रझाकारांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, पण त्या दिवशी कोण कुणाला विचारतो! मिरवणूक मोहल्ल्याकडे वळली आणि तिच्यातली काही माणसं घरांत शिरली. वडील परत दिसले नाहीत. आई लेकराला घेऊन मागच्या दारानं पळाली ती धनगराच्या मेंढरांच्या वाड्यात. धनगरिणीनं मायलेकरांना मेंढरांच्या मधोमध बसवलं, वर घोंगडी टाकली. पण लेकरू रडायला लागलं.

"मग?" मी विचारलं.

"मग त्या बाईनं काय करावं? कोकरं मायांपासून तोडली आन् बांबूच्या डालग्याखाली कोंडली. पाजायची येळ झालेली. कोकरं वरडायलीत, मेंढ्या वरडायल्यात, समदा वाडा वरडायला. त्यात माझं रडणं कुणाला ऐकू जातंय? भाईर जयजयकार चालला व्हता. अम्मी म्हनायची, तो आवाज पार अंगावरून गेला."

मला विचारायचंच होतं. "माझे आजोबा होते का हो, घरात शिरलेल्यांत?"

"मिरवणुकीत समदेच व्हते. घरात कोण आलं ते अम्मीनं कंदी सांगितलं न्हाई. आन् म्याबी इचारलं न्हाई."

परत येताना मला रडू येत होतं, स्वतःचा राग येत होता, आणि खोटं कशाला सांगू, त्या सगळ्याच्या तळाशी आनंदही उसळत होता. कारण हे पान कसं काढायचं ते मला गाडीवरच दिसलं होतं! पुस्तकातल्या धड्यात एक गोष्ट आधी येते, दुसरी नंतर, आणि नंतरच्या गोष्टीला कुणी विचारत नाही. कॉमिकचं पान तसं नसतं. दोन चौकटी शेजारी शेजारी ठेवल्या की एकाच वेळी दोन्ही खऱ्या होतात. पानाचा नियमच तो!

तीन महिन्यांच्या लाडक्या पानाची सुरळी करून ठेवली आणि नवं काढलं. डावीकडे आजोबा, झेंडा, माणसं. उजवीकडे मेंढरांचा वाडा, डालगं, पाठमोरी उभी धनगरीण आणि घोंगडीतून दिसणारा एक डोळा. आणि फुगा एकच, मधली पट्टी ओलांडून दोन्ही चौकटींवर पसरलेला.

आधी वडिलांना पान दाखवलं. सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी पान उजेडात धरलं. मग म्हणाले, "त्यांचा पटका असा नसायचा. शेमला उजवीकडं सोडायचे." एवढंच. मी तिथेच बसून पटक्याचं सुटं टोक उजवीकडे आणलं.

दुसऱ्या दिवशी चाचांपुढे पान ठेवलं आणि म्हटलं, "तुम्हाला नाही लिहावंसं वाटलं तर फुगा रिकामाच छापते."

त्यांनी चष्मा वर केला, पान जवळ घेतलं. कोकरं मोजली. "डालगं बराबर काढलंस," म्हणाले. मग खारीच्या केसांचा जाड ब्रश उचलला. 'ज' डाव्या चौकटीत आला, 'य' उजव्या. हात जरासुद्धा हलला नाही. मला वाटलं होतं, उजवीकडचं अक्षर ते वेगळं काढतील, वाकडं, काळपट. तसं केलं नाही.

"दोन्ही सारखीच?" मी विचारलं.

"मग? आवाज काय दोन व्हते?"

मुक्तिदिनाला झेंडावंदन झालं, पुस्तकं वाटली. सातवीच्या वर्गात कुणीतरी मोठ्यानं वाचायला लागलं आणि बाराव्या पानाशी सगळा वर्ग एका दमात ओरडला, "जय!" मी थांबवलं नाही. ओरडून झाल्यावर एकेकाची नजर उजवीकडे सरकली. बाकांवर कुजबुज सुरू झाली, हे कोण, ह्या मेंढ्या कुणाच्या, ही बाई का लपायलीय. मग तीच डाकूवाली मुलगी उभी राहिली.

"मॅडम, ते लेकरू वाचलं का?"

"वाचलं," मी म्हटलं. "या पुस्तकातलं प्रत्येक अक्षर त्यानंच काढलंय."