सुईच्या जागच्या गाठी

हरणाबाई कुणाचंच काही चटकन खरं मानत नाही. माणच्या माळावर मेंढरांमागं तिचा जन्म गेला. अनोळखी विहिरीचं पाणी ती आधी स्वतः चाखते, मग कळपाला पाजते. विकत घेतलेलं मेंढरू पंधरवडाभर वाघरीबाहेर, म्हणजे कळपाभोवतीच्या जाळीबाहेर, बांधून ठेवते. सून सोनम म्हणते, "लग्न झाल्यावर आत्या मलाबी वाघरीभायेरच ठिवणार हुत्या."

"ठिवायलाच पायजे हुती," हरणाबाई म्हणते.

यंदा दिवाळीनंतर कळप सांगलीकडं, कृष्णाकाठच्या रानात न्यायचा होता. माळावरचं गवत सरत आलं होतं. अशात वाटेवरच्या एका वाड्यावर, म्हणजे धनगरांच्या तळावर, मेंढरांना देवी आल्याची बातमी लागली. सोनमनं सासूला न विचारता जनावरांच्या डॉक्टर शिवांजलीला बोलावून घेतलं आणि सगळ्या कळपाला लस टोचून घेतली. हरणाबाई लांब दगडावर बसून बघत राहिली. गेल्या साली शेजारच्या कळपाला अशीच सुई दिली होती, आणि त्यानंतरच मेंढरं मरून पडली होती. ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

थोड्या दिवसांनी तरण्या मेंढ्यांच्या मांडीला, सुईच्या जागी, गाठी वर आल्या. हात लावला तर कढत. चंद्रीचं मात्र निराळं. चंद्री म्हणजे तोंडावर देवीचे जुने वण असलेली म्हातारी मेंढी. तिची गाठ दुसऱ्याच दिवशी आली होती, बारीकशी, आणि एव्हाना विरूनही गेली होती. सुई तीच, बाटली तीच. मग हिला काय दिलं आणि त्यांना काय?

हरणाबाईनं शेणी पेटवल्या आणि डाग द्यायची सळई आत खुपसली. अंगात काही वंगाळ शिरलं तर पसरायच्या आत त्या जागी डाग द्यायचा, ही तिच्या आईची शिकवण. सोनमनं घाबरून फोन लावला. शिवांजली आली तेव्हा सळई लाल होत आली होती.

"आजी, आता डाग दिलात तर जखमा चिघळतील. मेंढ्या वाट चालणार नाहीत."

"चंद्रीला नुसतं पाणी टोचलंस आन् माझ्या तरण्यांना इख. व्हय का न्हाई?"

शिवांजली चंद्रीपाशी बसली. "हिला देवी येऊन गेली ना? अंगात हजार तऱ्हेचे राखणदार असतात आजी, पण एकेकाला एकच चोर ओळखता येतो. नवा रोग आला की त्याला ओळखणारा कोण, हे सापडायलाच दिवस जातात. सापडला की त्याचीच पिलावळ वाढते. रोग गेल्यावर त्यातले बरेच मरतात, थोडे जुने मागं राहतात. चंद्रीचे जुने जागे होते, त्यांनी लगेच आटोपलं. तरण्यांचे आत्ता कुठं तयार होतायत. ती गाठ त्याचीच."

"मग गेल्या साली सुईनंतर शेजारची मेंढरं का पडली?"

"रोग आधीच आत शिरला होता. राखणदार तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढी सवड मिळाली नाही."

हरणाबाईनं निखारे उकरले. "आन् राखणदारच घरावर उलटला तर?"

"उलटतो कधी कधी. म्हणून अंग आधी त्यांना पारखून घेतं. आपल्यालाच चावणारे बहुतेक काढून टाकतं."

"बहुतेक?"

"बहुतेक. सगळे नाही."

हरणाबाईनं सळई ओढून मातीत खुपसली. धूर निघाला. शिवांजली गेल्यावर सोनमनं विचारलं, "पटलं व्हय आत्या?"

"ती 'बहुतेक' न म्हनता 'समदं' म्हनली आसती तर डाग दिला आसता."

पुढं रोज उजाडता ती एकेका मेंढीची मांडी चाचपायची. शेवटची गाठ जिरेपर्यंत तिनं कळप हलू दिला नाही. गवत संपलं, सोनम कुरकुरली, तरी नाही.

वाटेत तो आजारी वाडा लागला. हरणाबाईनं चंद्रीला त्या अंगाला घेतलं आणि तरण्या मेंढ्या दुसऱ्या अंगाला दाबून चालवल्या.

सोनमला हसू आलं. "आवं आत्या, आता समद्यांच्यात राखणदार हायती न्हवं?"

"चंद्रीचं जुनं हायती," हरणाबाई म्हणाली. "ह्यांचं आजून बघायचं हाय."