लोसेनाच्या हाकेवाचून

आमच्या गावात दारं उघडी ठेवून जेवतात. रस्त्यानं कुणी गेलं की आतून हाक येते, "या, जेवायला या!" जाणारा हसून पुढं जातो, पण हाक मात्र चुकवायची नसते. या फिजीच्या बेटावर नर्स म्हणून मला सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत अन्नाला नाही म्हणणारी बाई मी एकच पाहिली, उनाइसी.

उनाइसी आणि लोसेना सख्ख्या बहिणी, लग्नानंतरही घराला घर लागून. लोसेनाची चूल आधी पेटायची. मग ती खिडकीतून ओरडायची, "उनाइसी, ये गं जेवायला, नाहीतर तुझा वाटा डुकराला घालते!" उनाइसी अंगानं चांगली भरलेली, जेवणावर तुटून पडणारी.

दोन वर्षांपूर्वी लोसेना ऑक्टोपस धरायला प्रवाळाच्या खडकांवर गेली, आणि तिसऱ्या दिवशी समुद्रानं तिला परत आणून टाकलं. मातीनंतर चौथ्या रात्री, रीतीप्रमाणे, जवळच्यांनी, असे नेम बांधून देणाऱ्या आणि सोडवणाऱ्या म्हाताऱ्या तोमासीकाकांपुढे शंभर रात्रींसाठी एकेक गोष्ट सोडली. कुणी केस कापणं सोडलं, कुणी नारळाचं दूध. उनाइसी म्हणाली, "मासे." शंभराव्या रात्री मोठं जेवण झालं. तोमासीकाकांनी एकेकाचं नाव घेऊन ज्याचं त्याला मोकळं केलं. उनाइसीनं माशाचा तुकडा तोंडात घातला आणि बाहेर जाऊन थुंकून आली.

मग कसावा उतरेना, अळकुड्या उतरेनात. उरला फक्त साखर घातलेला लिंबाच्या पानांचा चहा. आमच्याकडे बाई वाळली तर ती एकटी वाळत नाही, सगळ्या घराची अब्रू जाते. नळावर बायका तिच्या नवऱ्याला, एपेलीला, म्हणायच्या, "काय रे, बायकोचा वाटाही तूच हाणतोस वाटतं?" तो हसायचा. नंतर दवाखान्यामागं उभा राहून रडायचा.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घशात नळी घालून बघितलं. तरुण डॉक्टर म्हणाला, "गळ्यात काही नाही, मनात आहे," आणि गोळ्या देऊन घरी धाडलं. मनात आहे म्हणजे खोटं आहे, असं एपेलीला वाटलं. उनाइसीची आई वासिती म्हणाली, "लोसेना तिला धरून बसलीय." मी दोघांनाही हसले. माझा स्वभाव तापट, मला वाटलं हे सगळं लाडाचं आहे. एका सकाळी मी तिचं डोकं धरलं आणि चमच्यानं पेज भरवली. तिनं ती कशीबशी गिळली, आणि सगळी माझ्या कपड्यांवर उलटली.

"तुला जगायचं तरी आहे का गं?" मी ओरडले.

"आहे, नर्सबाई. मी घास घेते, पण तो खाली जातच नाही."

काट्यावर छत्तीस किलो. तिला जबरदस्ती केल्याची लाज मला आजही वाटते.

मग मी जे केव्हाच विचारायला हवं होतं ते विचारलं. "तोमासीकाकांपुढं काय सोडलंस?"

"मासे."

"आणि मनात?"

ती चटईची काडी उसवू लागली. "शंभर रात्री सरल्या की, लोसेनानं हाक मारल्याशिवाय घास घ्यायचा नाही."

जे तोंडानं बोललं नाही ते सोडवणार कोण?

"ऑक्टोपस मला खावासा वाटला होता," ती म्हणाली. "भरती लागत होती. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, भित्री कुठली! मग ती गेली." म्हणतात, खाई त्याला खवखवे. हिला न खाता खवखवत होतं.

हे सगळं तिनं तोमासीकाकांपुढं पुन्हा सांगितलं. वासिती शेजारीच बसली होती. काका चिडले. "लपवून मारलेली गाठ मी कशी सोडू, पोरी? जिची हाक मागितलीस ती गेली. तिच्या जागी हाक मारायचा हक्क आता एकाच माणसाचा."

सगळ्यांनी वासितीकडं पाहिलं. म्हातारीनं पोरीचं मरण कसं झालं ते आत्ताच ऐकलं होतं. ती उठली आणि निघून गेली.

तीन दिवस तिचं दार बंद, जेवायच्या वेळीही. इकडं उनाइसी पडून. मी चमच्यानं तिचे ओठ शहाळ्याच्या पाण्यानं ओले करत होते. शेवटी माझा धीर सुटला. मी म्हातारीच्या दाराशी गेले, "एक गेली, आता दुसरी घालवायचीय का?"

"तोंड बंद कर तुझं," आतून आवाज आला.

चौथ्या दिवशी दुपारी तिची खिडकी उघडली. दोघी लहान असताना मारायची तशीच हाक आली, "लोसेना! उनाइसी! जेवायला या गं!"

लोसेनाचं नाव जीभ घसरून आलं की जाणूनबुजून, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही. उनाइसी भिंत धरून उठली. मी तिला दारापर्यंत नेलं. आत चटईवर म्हातारीसमोर दोन ताटं मांडलेली, आणि तिचा चेहरा दगडासारखा.

"उभी काय? बस. गार होतंय."

उनाइसीनं कसाव्याचा नखाएवढा तुकडा तोडला. खूप वेळ चावला. मग तो खाली गेला.

आता तिचं वजन बावन्न आहे. शहरातला डॉक्टर गोळ्यांना श्रेय देतो, देऊ दे. रोज दुपारी म्हातारी दोन नावं पुकारते, दोन ताटं मांडते, आणि त्यानंतरच उनाइसी जेवते. दुसऱ्या ताटाकडं ती पाहत नाही.

गेल्या महिन्यापासून वासितीची छाती भरलीय. वय एकोणऐंशी. काल मी तिची छाती तपासत होते, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. तिनं माझा हात धरला.

"नर्सबाई, तुझा आवाज मोठा आहे. माझ्यामागं दोन्ही नावं तू घे. उद्या तोमासीपुढं बोलून टाकू. मनात ठेवायचं नाही."