इवायाचा हत्ती मारावा की नाही

वाशीमला खुली बुद्धिबळ स्पर्धा आहे असं कळलं आणि मी अमरावतीहून निघालो. मुक्काम मंगरूळपीरला, इवायाकडे. इवाई म्हणजे व्याही, माझ्या मुलीचे, प्रीतीचे सासरे, दामोदरराव. तेही खेळतात. लग्नाला तीन वर्षं झाली, पण आमचं बोलणं ‘या, बसा, घ्या’च्या पुढे गेलेलं नव्हतं.

कारंजामार्गे एसटीने शेलूबाजार, तिथून जीप. जीपमध्ये मागे बसू नका. मी सोयाबीनचं पोतं मांडीवर घेऊन आलो.

सकाळी दोघं पहिल्या बसने वाशीमला. स्टँडबाहेर आलूबोंडा-रस्सा जरूर खा, पांढरा शर्ट मात्र घालू नका.

पहिली फेरी मी हरलो. दुसरीत प्रतिस्पर्धी आलाच नाही, म्हणून जिंकलो. तिसरीची यादी लागली. समोर दामोदरराव! प्रीतीला फोन केला.

"बाबा, जिंकू नका. अन् मुद्दाम हरू पण नका, त्यांना लगेच समजते."

म्हणून मी मधल्या प्याद्यांना हातच लावला नाही. वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवलं आणि त्या खिडकीत उंट बसवला. भांडण नको, कडेकडेने खेळू. सातव्या चालीला दामोदररावांनी घोडा पुढे टाकला आणि माझ्या उंटाची तिरकी वाट थेट त्यांच्या हत्तीपर्यंत मोकळी झाली. मी उंट उचलला आणि शेजारच्याच घरात ठेवायला गेलो.

"काहून हो?" ते अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडले. "हत्ती दिसून नाही राह्यला का तुमाले? मी काय लेकरू हाय? मारा!"

पंच धावत आले. "काका, बोलायचं नाही."

"दया करून राह्यले ना माह्यावर!"

घामाघूम होऊन मी हत्ती मारला. त्यांनी एक प्यादं सरकवून माझा उंट कोपऱ्यात कोंडला, आणि त्यांचा घोडा अन् वजीर माझ्या राजाच्या दारात आले. बाविसाव्या चालीला मात.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "हत्ती मुद्दाम सोडला होता ना?"

"छ्या! चुकून सुटला. पण तुमी मारतानी इतके भ्याले, मले वाटलं, आता हा माणूस गेला!" मंगरूळपीर येईपर्यंत ते हसत होते. कंडक्टरलाही सांगून झालं.

बक्षीस काही मिळालं नाही, रिकाम्या हातानेच अमरावतीला आलो. तिसऱ्या दिवशी मात्र दामोदररावांचा फोन आला, आपणहून, पहिल्यांदाच. "तो उंट कोपऱ्यातून कसा काढाचा होता, सापडलं का तुमाले?"

मी पट मांडला. पाऊण तास बोललो. फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, "प्रीती कशी आहे?"

ते विचारायचं राहूनच गेलं होतं.