बिनलोळ्याची घंटा

बायकोच्या छातीत गाठ निघाली तेव्हापासून मी देवाशी बोलणं सोडलं होतं आणि माणसांशी जरा जास्तच बोलायला लागलो होतो. ऑपरेशन लांबवू नका, असं कलबुर्गीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. ती हो म्हणेना, नाही म्हणेना. नुसती भांडी आवरत राही. मी आपला विनोद सांगत तिच्या मागंमागं. नौबादच्या आमच्या दुकानात गिऱ्हाईक हसतं माझ्या विनोदांना. ती एकदाही हसली नाही. शेवटी एका दुपारी म्हणाली, "मुडबीकडं, माझ्या माहेरच्या महादेवाला जाऊन येऊ." मी निमूट गाडी काढली. निमूट म्हणजे, वाटभर बडबडत.

काळ्या दगडाचं जुनं देऊळ. दारात घंटा, पण आत लोळाच नाही. गावाला एवढंही जमू नये, असं पुटपुटत मी हातातला नारळ उचलला आणि घंटेवर हाणला. आपण आल्याचं देवाला कळायला नको का? घंटा ठप्प वाजली, नारळ फुटला आणि सगळं पाणी माझ्या टकलावरून सदऱ्यात उतरलं.

ओट्यावर वाती वळत बसलेली म्हातारी ओरडली, "अगाई! अण्णा, कामून मारायलाव तिला?"

"वाजंना म्हणून, अक्का."

"वाजू नये म्हणूनच काढलाय लोळा. रझाकाराच्या वक्ताला अख्खं गाव ह्या गाभाऱ्यात दडलं हुतं. भाईर बंदुका. मी तान्ही, मायनं पदराखाली दाबून धरलं हुतं मला. तवापासून हितं कुणी घंटा वाजवत न्हाई, मोठ्यानं बोलत न्हाई. आत जाऊन नुसतं बसायचं." मग माझ्या टकलाकडं बघून म्हणाली, "अभिषेक तर झालाच की तुमचा!"

मागं खुदकन आवाज आला. बायको तोंडाला पदर लावून हसत होती. कित्येक दिवसांनी.

आत समईपुरता उजेड. मी भिजल्या सदऱ्यानं तिच्याशेजारी बसलो. माझ्यासारख्याला गप्प बसणं एकादशीहून अवघड. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. शेजारी तिचं हसू अजून चालूच आहे असं वाटलं, म्हणून वळून पाहिलं, तर ती रडत होती. माझा हात धरून हळूच म्हणाली, "मला लई भ्या वाटायलंय ओ."

विनोद जिभेवर आलाच होता. गिळला. म्हटलं, "मला बी."

बाहेर आल्यावर तिनंच सांगितलं, "डॉक्टरला फोन लावा. सोमवारी जाऊ."

ऑपरेशन झालं, औषधं चालू आहेत. पुढचं डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत. त्या दिवशी देवानं नेमकं काय केलं, हे मलाही सांगता येणार नाही; एवढंच कळतं, की त्यानं मला गप्प केलं आणि तिला बोलू दिलं. ह्या उपकारातून मी उतराई होणार नाही. त्या गाभाऱ्यात दडलेल्या माणसांच्या हातात तरी काय होतं? एकमेकांना घट्ट धरायचं, बाकी त्याच्यावर सोपवायचं. हल्ली संध्याकाळी आम्ही दोघं घरच्या देवापुढं बसतो. मी काही मागत नाही. ती हात पुढं करते, मी धरतो.