दोन फाइलींमधली उचकी

शरदराव कस्तुऱ्यांना कोणतीही वस्तू पसंत करायची म्हटली की धडकीच भरायची. घरात कूलर घ्यायचं ठरलं तर चौकशी होळीला सुरू व्हायची आणि कूलर घरात यायचा तो मृग लागल्यावर, तोवर सगळ्यांची अंगं घामोळ्यांनी भरून गेलेली. पंचायत समितीत त्यांनी जन्मभर कारकुनी केली, तिथं हा स्वभाव खपून गेला. सरकारी कामाला उशीर झाला तर कोणी एका माणसाला नावं ठेवत नाही. कागदोपत्री ते शरच्चंद्र, देऊळगाव राजात शरदभाऊ, आणि घरात नुसतेच ‘अहो’.

एकच निवड त्यांनी झटक्यात केली होती. डोणगावला मुलगी बघायला गेले होते. मुलगी अजून समोर आली नव्हती. आतल्या खोलीत कुणाचं तरी लेकरू निजवत होती आणि गात होती. पोहे यायच्या आधीच शरदरावांनी वडिलांकडे बघून मान डोलावली. वडील हळूच म्हणाले, "अरे, तोंड तर पाहून घे." पण निकाल लागून गेला होता.

त्या मुलीचं, म्हणजे स्नेहलताबाईंचं गाणं पुढं गावानं डोक्यावर घेतलं. बालाजीच्या मंदिरात बायकांचं भजन असलं की मागं पुरुषसुद्धा येऊन बसत. पेटीवर नारायणराव, तबल्यावर त्या दिवशी जो सापडेल तो, आणि पहिल्या रांगेत टेपरेकॉर्डर मांडीशी घेऊन शरदराव. मग बाईंच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, जीव वाचला, आणि आवाज बसला तो बसलाच. आता त्या बोलत ते फुंकर घातल्यासारखं. दुसऱ्या खोलीतल्या माणसाला बोलवायचं तर चमच्यानं ताटली वाजवत.

ऑपरेशनच्या आधीच्या उत्सवातली शेवटची कॅसेट कपाटात तशीच पडून राहिली. ती लावू या, असं घरात कुणाच्या तोंडून निघालं नाही. पुढं टेपरेकॉर्डर बिघडला, नारायणराव वारले, आणि तो विषय आपोआप मागं पडला.

गेल्या दिवाळीत मुलगा चिन्मय पुण्याला परत निघाला तेव्हा शरदरावांनी ती कॅसेट गुपचूप त्याच्या बॅगेत टाकली. दोन-तीन महिन्यांनी त्यानं ती कॉम्प्युटरवर उतरवून फाइली पाठवल्या.

"बाबा, लॉसलेस आहेत," तो फोनवर म्हणाला. "म्हणजे कॅसेटवर जे होतं त्यातलं काहीही गाळलेलं नाही. गाणी सॉफ्टवेअरनंच वेगळी केलीत. जिथं शांतता येते तिथं एक फाइल संपते, दुसरी सुरू."

"तू ऐकलंस का?"

"ऐकेन हो. सध्या ऑफिसचं फार चाललंय."

शरदरावांनी बायकोला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं, पण योग्य वेळ पाहून. ती वेळ पसंत करण्यातच उन्हाळा लागला, आणि तेवढ्यात बेबीताई आल्या. भजनी मंडळाचा कारभार त्यांच्याकडे. आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसल्या.

"वहिनी, आपल्या मंडळाले पंचवीस वर्षं होऊन राह्यले. एकादशीले कार्यक्रम ठेवला. त्या दिवशी तुमचा आवाज वाजला पाह्यजे."

"कोणता आवाज?" स्नेहलताबाईंनी फुंकरीच्या स्वरात विचारलं.

"अवो, टेपमधला. शरदभाऊच सांगत होते ना बसस्टँडवर, पोरानं कॉम्प्युटरवर चढवला म्हणून."

स्नेहलताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. शरदराव दाराच्या कडीकडे पाहत होते.

"आधी मी ऐकते," बाई म्हणाल्या. "पुरतं. मग सांगते, लावायचं का नाही ते."

एवढंच ठरलं. बेबीताई चहा पिऊन गेल्या, आणि शरदरावांच्या मागं काम लागलं.

कारण त्यांनी स्वतः फाइली ऐकल्या होत्या आणि एका ठिकाणी त्यांच्या काळजात चर्र झालं होतं. कॅसेटमधल्या शेवटच्या अभंगाच्या आधी बाईंनी आलाप घेतला होता, तबला बंद, फक्त पेटीचा मंद सूर. आवाज पायरी पायरीनं वर चढत जातो, आता टोकाला पोचणार, आणि तिथंच फाइल संपते. क्षणभर काहीच नाही. मग दुसरी फाइल सुरू होते आणि आवाज पुन्हा तिथूनच वर जातो. शरदरावांनी या प्रकाराला नाव दिलं उचकी.

इंटरनेटवर वाचल्यावर त्यांना कारणही सापडलं. कॉम्प्युटरवर गाणी वाजवणारे साधे प्लेअर दोन फाइलींच्या मध्ये अडखळतात, असं तिथं लिहिलं होतं. अशा फाइलींना सलग वाजवणारा चांगला प्लेअर लागतो. आणि बायको कशी आहे ते त्यांना ठाऊक होतं. ऐन भजनात तबला जरासा उतरला तरी गाणं थांबवून ‘आधी तो लावा’ म्हणणारी बाई. तिनं ही उचकी ऐकली की ती नको म्हणणार, आणि एकदा नको म्हणाली की तो आवाज कायमचा कपाटात. तेव्हा आधी प्लेअर.

कॉम्प्युटरसोबत आलेला प्लेअर अडखळत होता, तो बाद झाला. दुसरा उतरवून घेतला. त्यात गाणं लागलं की हिरवे खांब नाचायचे, पण फाइलींची मराठी नावं चौकोन चौकोन दिसायची. तिसऱ्यानं आधी ईमेल मागितला, मग फोन नंबर मागितला, आणि मग उचकी दिली ती दिलीच. चौथ्यात इतकी बटणं होती की शरदरावांना कचेरीतल्या नव्या साहेबाची आठवण झाली: सगळं येतं म्हणतो आणि एक काम नीट करत नाही. पाचव्याची इंटरनेटवर सगळ्यांनी तारीफ केली होती. त्यातही आवाज वर चढला, थांबला, मग पुन्हा लागला.

परीक्षा एकच असे. आधीच्या फाइलीचा शेवट लावायचा, पुढच्या फाइलीची सुरुवात येऊ द्यायची, कान देऊन ऐकायचं, बंद करायचं. सेटिंग बदलायचं. पुन्हा तेच. दुपारपर्यंत त्यांची मान आखडून जायची, डोळ्यांत पाणी यायचं. गाणं ऐकून माणूस इतका दमतो हे त्यांना या वयात पहिल्यांदा कळलं. जेवण झालं की ते परत त्याच खुर्चीत जाऊन बसायचे, जसं काही हजेरी लावायची आहे.

एक दिवस स्वयंपाकघरातून ताटली वाजली. शरदराव उठून गेले. बाई तुरीची डाळ निवडत होत्या.

"त्या बाईले पुढं जाऊ द्या ना," त्या म्हणाल्या. "कवाची तिथंच अडकली हाये."

"थांब ना जरा. प्लेअर बरोबर नाही."

"मले कवा ऐकवता मग?"

"बरोबर झाला की ऐकवतो."

"एकादशी काही तुमच्या प्लेअरसाठी थांबत नाही."

डाळीतला एक खडा शरदरावांच्या नजरेला पडला, तो उचलून त्यांनी बाजूला ठेवला आणि परत गेले.

मग कुणीतरी लिहिलेलं वाचून त्यांना वाटलं, दोष स्पीकरचा असेल. म्हणून चांगला हेडफोन आणायला ते जालन्याला गेले. उन्हात बसची वाट पाहिली, दुकानं पालथी घातली. दुकानदारानं त्यांना पाच-सहा हेडफोन कानाला लावून बघू दिले आणि शेवटी विचारलं, "काका, या वयात एवढं बारीक ऐकून काय करणार?" शरदरावांनी शेवटचा हेडफोन पुन्हा एकदा कानाला लावला आणि पैसे मोजले. परतीच्या बसमध्ये उभं राहावं लागलं. घरी येऊन पाय न धुताच त्यांनी हेडफोन लावला. उचकी पहिल्यापेक्षा स्वच्छ ऐकू आली.

त्यांनी चिन्मयला फोन केला.

"बाबा, एवढा शोध तर तुम्ही माझ्यासाठी मुलीचासुद्धा घेतला नाहीत."

"तुझी तू शोधलीस. मी काय करणार होतो? आता हे सांग, मध्ये थांबतं ते कसं घालवायचं?"

चिन्मय कामात होता. "क्रॉसफेड लावून बघा," एवढं सांगून त्यानं फोन ठेवला.

क्रॉसफेड म्हणजे एक फाइल विझता विझता दुसरी पेटवायची. दोन्हींची टोकं एकमेकांवर चढवायची. पाचव्या प्लेअरमध्ये ती सोय निघाली. शरदरावांनी ती चालू केली आणि कान दिला. आवाज वर चढला, चढत राहिला, आणि कुठंही न थांबता टोकावर जाऊन बसला. उचकी गेली. त्यांनी पुन्हा लावून पाहिलं. गेलीच होती. खुर्चीला पाठ टेकून ते नुसते बसले. आनंदसुद्धा होईना, इतके ते दमले होते.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर त्यांनी बायकोला बोलावलं. बैठकीत तिच्यासाठी खुर्ची ठेवली, पंखा बारीक केला आणि पहिल्या फाइलीपासून लावलं. स्नेहलताबाई पदर आवरून बसल्या. इतक्या वर्षांनी त्या स्वतःचा आवाज समोर बसून ऐकत होत्या, पण चेहऱ्यावर काही दिसेना. एकदा तबलजीच्या नावानं त्यांनी कपाळाला हात लावला तेवढाच. एक झालं, दुसरं झालं, आलाप आला. शरदराव पडद्याकडे बघत राहिले. आवाज सरळ वर गेला. अभंग झाला, टाळ थांबले, मागं कुणीतरी खोकलं आणि फाइल संपली.

"हे मी नाही गायले," बाई म्हणाल्या.

"अगं, तूच आहेस."

"आवाज माझा हाये. पण आलापात मी थांबले होते. ते कुठं गेलं?"

"ते मी काढून टाकलं," शरदराव म्हणाले. त्यांना आता थोडा उत्साह आला होता. "तो प्लेअरचा दोष होता. महिनाभर त्याच्याच मागं होतो ना मी. आता बघ, कसं सलग झालं."

बाईंनी मान हलवली. त्यांना एवढं सगळं बोलायचं म्हणजे दोनदा थांबून श्वास घ्यावा लागे.

"दोष नव्हता तो. मले श्वासच पुरला नाही. वर गेले अन् आतून कोणी गळा धरला, असं झालं. नारायणरावांनी पेटीचा भाता सोडून माझ्याकडं पाह्यलं. त्यांले वाटलं, झालं हिचं. मग मी पुन्हा धरलं." त्या थांबल्या. "तवाच समजलं होतं मले. गळ्यात काहीतरी हाये म्हणून."

शरदरावांच्या ध्यानात एकेक गोष्ट येत गेली. पेटीसुद्धा थांबली होती, म्हणजे तिथं खरोखरच शांतता होती. चिन्मयच्या सॉफ्टवेअरनं गाणं संपलं समजून तिथंच फाइल तोडली. पहिले प्लेअर त्यात आपलं थोडं अडखळणं घालत असतील, पण चांगल्या प्लेअरनं जे जसं होतं तसंच वाजवलं होतं.

"मला बोलली नाहीस तेव्हा," ते म्हणाले.

"तुम्ही समोरच तर होते."

"समोर होतो, पण…"

"टेपचा काटा पाहून राह्यले होते." बाई हे रागानं म्हणाल्या नाहीत. घरातल्या माणसाची एखादी खोड सांगावी, तसं सांगितलं.

खरं होतं ते. शरदरावांना तो दिवस फार चांगला गेल्याचं आठवत होतं, कारण आवाजाची पातळी दाखवणारा तो काटा एकदाही लाल घरात गेला नव्हता.

"असं लावणार असाल तर मंडळात नको," बाई म्हणाल्या. "हे कोण्या दुसऱ्याच बाईचं वाटते. आधीचं लावा. थांबते ते."

"कोणत्या प्लेअरवर?"

"कोणत्याही. तुमचे ते सारे मले सारखेच."

शरदरावांनी क्रॉसफेड काढला, मग तो प्लेअरही बंद केला आणि कॉम्प्युटरसोबत आलेला, पहिल्याच दिवशी बाद केलेला साधा प्लेअर उघडला. आलापाची फाइल लावली. आवाज वर चढला आणि थांबला. त्या थांबण्यात स्नेहलताबाईंचे खांदे जरासे वर उचलले गेले, त्या काळच्या त्या बाईबरोबर यांनीही श्वास घेतला असावा. मग आवाज परत लागला आणि वर गेला. या वेळी शरदराव पडद्याकडे बघत नव्हते, पण बायकोकडे बघायचाही त्यांना धीर होईना. ते आपल्या गुडघ्यांकडे बघत बसले.

अभंग संपल्यावर बाई उठल्या.

"हे लावा," त्या म्हणाल्या. "माझं हाये हे."

आणि डाळ भिजत घातली होती, ती बघायला आत गेल्या.

महिनाभर शरदरावांनी ज्या होकारासाठी आटापिटा केला तो मिळाला होता, आणि उठून पाणी प्यायचंही त्राण नव्हतं. उतरवलेले सगळे प्लेअर त्यांनी एकेक करून काढून टाकले. मग बेबीताईंना फोन लावला.

"वहिनी हो म्हणाल्या?" बेबीताईंनी विचारलं.

"हो म्हणाली."

"बरं झालं बाप्पा. अन् वाजते ना नीट? नाही तर ऐनवेळी फजिती नको."

"नीट वाजतं," शरदराव म्हणाले. "फक्त शेवटच्या अभंगाच्या आधी एका जागी थांबतं. तेवढं आधी सांगून ठेवा सगळ्यांना. संपलं समजून कोणी उठू नका म्हणावं."