लाल अक्षरांत बोलणारा

आधी अंगठ्याने मोबाइल बडवायचा आणि मग एक बोट वर करायचं. एवढंच भाऊचं बोलणं. नवखं गिऱ्हाईक असलं तर त्याला वाटायचं, हा माणूस देवाकडे बोट दाखवतोय. एकदा बेळगावकडच्या एका गवंड्याने तर वर बघत चक्क हात जोडले. शेवटी मीच समोरच्या दुकानातून ओरडले, "अरे, दारावरची पाटी वाच! भाजी संपली म्हणतोय तो!"

डिचोलीच्या बाजारात, बस स्टँडकडे वळतानाच्या कोपऱ्यावर त्याचं चहा-भाजीपावचं हॉटेल, आणि बरोबर समोर माझं शिवणाचं दुकान. आवाज होता तेव्हा हा माणूस कधी गप्प बसलाय असं मला आठवत नाही. मग घशात गाठ झाली, ऑपरेशन झालं, जीव वाचला पण आवाज गेला तो गेलाच. पुढचे काही महिने तो गल्ल्यावर पाटी-पेन्सिल घेऊन बसायचा. पण सकाळच्या गर्दीत त्याची पाटी वाचायला सवड कुणाला? लोक वयनीशीच बोलून जायचे. वयनी म्हणजे त्याची बायको. तो नुसता बघत राहायचा, आणि मला मेलीला मशीनवर बसून ते बघवायचं नाही.

मग त्याच्या भाच्याने त्याला धावत्या लाल अक्षरांची पाटी आणून दिली. मोबाइलवर लिहायचं, की दारावर अक्षरं पळायला लागतात. मग काय विचारता! सकाळी पाटी म्हणायची, "सांगून दवरतां, आज उंडे कडक आसात. दांत सांबाळात." उंडे म्हणजे आमचे गोल पाव, आणि सांगून दवरतां, म्हणजे सांगून ठेवतो, हे त्याचं जुनंच पालुपद. दुपारी, "पेडण्याची बस गेली. धांवूं नाकात." आणि एक दिवस मान वर करून बघते तर काय, "समोरली शिंपीण दिवाळेक ब्लाउज दितां म्हणटा. खंयचे दिवाळेक तें विचारून घेयात." कुठल्या दिवाळीला म्हणे! कात्री हातात तशीच घेऊन मी रस्ता ओलांडला. तो आवाज न करता इतका हसला, की मीच खाली बसले आणि त्याचा चहा प्याले.

खरी मजा नवरा-बायकोच्या भांडणात. वयनी आतून तोंडाने भांडायची, हा दारावरून. ती ओरडली, "भाजयेंत दोनदां मीठ कोणें घालें?" की पाटीवर, "एकदां हांवें घालें. दुसरे फावट खंयच्या भवानेन घालें तें देवाक खबर." वयनी कालथा घेऊन बाहेर. "ह्याचो आवाज गेलो तेन्ना म्हणलें, चला, आतां तरी घर शांत. आतां भांडण बाजारांत गेलें!" आणि रस्त्यावरचा सगळा बाजार उभा राहून पुढचं उत्तर वाचतोय. तुम्ही असता तर तुम्हीही थांबला असता, उगीच साळसूदपणाचा आव आणू नका.

त्यातच एक स्कूटरवाला वाचता वाचता मासळीवालीच्या टोपलीत घुसला. बांगडे रस्ताभर. कुणाला लागलं नाही, पण मासळीवालीने जो उद्धार केला तो पालिकेपर्यंत ऐकू गेला असणार. कारण थोड्याच दिवसांत नोटीस आली. डिजिटल फलकांचे नवे नियम: परवानगी हवी, आणि रस्त्यावरून दिसणारी हलती, लुकलुकती अक्षरं कोपऱ्यावर चालणार नाहीत. नियम काही चुकीचा नव्हता. पण त्याचा जीव त्या पाटीत होता, ते नोटिशीला कसं कळणार?

पालिकेत म्हणणं मांडायला बोलावलं. वयनी म्हणाली, "तुजे खातीर हांव उलयतां." आपल्या वतीने दुसऱ्या कुणी बोलायचं, याला त्याने हातानेच साफ नाही म्हटलं. पाटी दारावरून उतरवली, टॉवेलात गुंडाळली, काखेत मारली आणि निघाला. मागून आम्ही दोघी. तिथल्या अधिकारी बाई तरुण होत्या, आवाजाने मऊ. त्यांनी विचारलं, "काका, तुमचं म्हणणं काय?" त्याने टेबलावर पाटी ठेवली आणि वायर हातात धरून इकडेतिकडे बघायला लागला. प्लग दूर होता. बाईंनी स्वतः उठून बोर्ड आणून जोडून दिला.

अक्षरं धावली. "ही जाहिरात न्हय. हें म्हजें तोंड."

बाईंनी वाचलं. मला तर रडूच आलं. मग त्या म्हणाल्या, "काका, तोंडाला परवानगी द्यायचं कलम माझ्याकडे नाही हो. पण नियम रस्त्यावरून दिसणाऱ्या फलकाला आहे. तुम्ही पाटी आतल्या भिंतीला लावा, मी काही म्हणणार नाही."

त्याने लिहिलं, "भितर कोण आयकतलो?" आत येऊन ऐकणार कोण!

"मी येईन की," त्या म्हणाल्या.

दोन दिवस त्याने पाटी लावलीच नाही. रुसला होता. मग एका सकाळी आतल्या भिंतीवर लाल उजेड दिसला. त्या बाई खरंच आल्या, आणि नंतरही येत राहिल्या. आम्हीही आत जाऊन बसायला लागलो, कारण भांडण वाचायचं तर पायऱ्या चढायला हव्यात आणि चढलं की चहा घ्यायला हवा. संध्याकाळी बसायला जागा मिळेना. त्याचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला.

पण मेली ती गाठ परत आली. इस्पितळात जायच्या सकाळी पहिल्यांदाच चहा वयनीने केला, एरवी तो त्याचा मान. त्याने घोट घेतला, तोंड वाकडं केलं, लिहिलं आणि बोट वर केलं. "आज चा पातळ. हांवें करूंक ना." म्हणजे, मी केलेला नाही. सगळे हसले. वयनी म्हणाली, "परत ये आनी शिकय मगे!" तो परत आला नाही.

दिवसकार्य झाल्यावर वयनीने हॉटेल उघडलं. दिव्यांचं बटण दाबलं, तशी पाटीही लागली. "आज चा पातळ. हांवें करूंक ना." गिऱ्हाइकं चहाचा पेला हातात धरून ते वाचत होती, आणि कुणाला हसावं की काय करावं कळत नव्हतं. मी हळूच म्हटलं, "वयनी, मोबाइल दे, मी पुसून टाकते."

"हात लाव बघू," ती म्हणाली.

मग मी चहा प्याले. चांगला दाट होता, आलं घातलेलं. म्हटलं, "वयनी, आज चा बरी जाल्या गो."

"म्हाका कित्याक सांगता? ताका सांग."

मी भिंतीकडे तोंड केलं आणि भरल्या हॉटेलात मोठ्याने म्हणाले, "भाऊ, आज चा दाट जाल्या!"

अक्षरं आपली धावतच राहिली, चा पातळ, चा पातळ. वयनी गाळणी हातात धरून त्यांच्याकडे बघत होती.

"बघ," ती म्हणाली. "आयकना तो."